ट्रॅक्टरच्या मागील पेटीचे तेल कोणी बदलावे?

राबणारी वस्तू तेल मागते, ही गोष्ट शेतकऱ्यास कोणी नव्याने सांगावयास नको. बैलगाडी लांबच्या बाजारास जुंपण्यापूर्वी चाक काढून आसाला वंगण घालण्याचा परिपाठ आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या पाळला. त्यासाठी ते कोणाची वाट पाहत बसत नसत; जो गाडी हाकतो त्यानेच वंगण घालावयाचे, असा सरळ हिशेब होता. सांप्रत पुष्कळ ठिकाणी गाडीची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. दसऱ्याच्या दिवशी त्यास हार घातला जातो, इंजिनाचे तेलही बहुतेक जण वेळेवर बदलतात. परंतु आसनाखाली, दोन मोठ्या चाकांच्या मध्ये, बिडाची जी जड पेटी असते तिच्यातील तेलाकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. ते मिस्त्र्याचे काम, आणि तेही काही बिघडले तरच करावयाचे, अशी समजूत रूढ झाली आहे.

ही समजूत बदलली पाहिजे. ट्रॅक्टरच्या हमीची मुदत संपली म्हणजे या पेटीचे तेल शेतकऱ्याने आपल्याच अंगणात, आपल्या हाताने बदलावे. आणि ते कसे बदलावे हे शिकविण्याचे काम विस्तार कार्यकर्त्यांनी बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाइतकेच महत्त्वाचे मानावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, याचा येथे विचार करू.

ही पेटी काय करते?

इंजिनाची शक्ती क्लचमधून गिअरपेटीत व तेथून मागील पेटीत येते. तेथे पिनियन नावाचे लहान दंतचक्र क्राऊन नावाच्या मोठ्या दंतचक्रास फिरविते. त्यामुळे दोन गोष्टी साधतात. फिरण्याचा वेग कमी होऊन ओढ वाढते, आणि ट्रॅक्टरच्या लांबीच्या दिशेने आलेली गती काटकोनात वळून दोन्ही चाकांकडे जाते. क्राऊनच्या जोडीला डिफरन्शिअलची लहान चक्रे बसविलेली असतात. त्यांचे काम समजण्यास खळ्यातील मळणी आठवावी. मेढीभोवती बैलांची पात फिरते तेव्हा मेढीजवळचा बैल सावकाश पावले टाकतो, व कडेच्या बैलास तेवढ्याच वेळात मोठा फेरा घ्यावा लागतो. ट्रॅक्टर बांधाशी वळतो तेव्हा आतल्या व बाहेरच्या चाकांचे असेच होते. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसविली असती तर वळताना एक चाक फरफटत गेले असते. डिफरन्शिअलमुळे प्रत्येक चाक आपापल्या फेऱ्याप्रमाणे फिरते आणि तरीही दोहोंस ओढ मिळते.

काळ्या जमिनीतील खोल नांगरणी असो की उसाने भरलेल्या ट्रॉलीची ओढ असो, तिचा सारा भार क्राऊन-पिनियनच्या त्या क्षणी एकमेकांत अडकलेल्या थोड्याशा दात्यांवर पडतो. हे दाते एकमेकांवर केवळ टेकत नाहीत, तर घासत सरकतात. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो म्हणून पोलाद पोलादास खात नाही. याशिवाय हे तेल उष्णता वाहून नेते आणि झिजेचा कीस तळाशी आणते. पुष्कळ ट्रॅक्टरांत हेच तेल अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकला चालविते, आणि ब्रेक तेलात बुडालेले असल्यास त्यांनाही थंड राखते. एका तेलावर इतकी कामे सोपविलेली असल्यामुळेच जीपसारख्या गाडीच्या डिफरन्शिअलमध्ये जेथे दीड-दोन लिटर तेल पुरते, तेथे मध्यम आकाराच्या ट्रॅक्टरच्या पेटीत तीस लिटरांहून अधिक, व काहींत पन्नास-साठ लिटरपर्यंत तेल लागते.

तेल उणे होत नाही, मग बदलावे कशाला?

हा प्रश्न वाजवी आहे. इंजिनातील तेल काजळीने काळे पडते व काही अंशी जळून कमी होते. म्हणून त्याची निकड डोळ्यांना दिसते. मागील पेटीत ज्वलन होत नाही. गळती नसेल तर तेलाची पातळी वर्षभर जवळजवळ तेवढीच राहते. परंतु पातळी टिकली म्हणजे गुण टिकला असे नव्हे. उष्णतेने तेल हळूहळू विटते, दात्यांचे रक्षण करण्यासाठी त्यात मिसळलेली रासायनिक द्रव्ये खर्ची पडतात, आणि पोलादाचा बारीक कीस त्यात तरंगू लागतो. असे तेल घासण्यापासून वाचविण्याऐवजी स्वतःच घासू लागते.

दुसरा शत्रू पाणी. दिवसा तापलेली पेटी रात्री थंड होते तेव्हा ती बाहेरची दमट हवा आत ओढते, व त्यातील बाष्पाचे पाणी होते. कोकणात, मावळात आणि पूर्व विदर्भात भाताच्या चिखलणीसाठी ट्रॅक्टर पाण्यात उतरतो, तेथे सील झिजलेले असल्यास पाणी थेट आत शिरते. पाणी मिसळलेले तेल ताकासारखे पांढुरके दिसते. तसे दिसल्यास तासांचा हिशेब न पाहता ते तत्काळ काढावे, आणि पाणी कोठून शिरले याचाही शोध घ्यावा. एरवी नवे तेलही थोड्याच दिवसांत तसेच होईल. शंका असेल तर डिपस्टिकवरील थोडे तेल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर स्थिर ठेवावे. पाणी पुष्कळ असेल तर ते तळाशी बसलेले दिसते.

किती तासांनी बदलावे, याचे उत्तर आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असते आणि तेच प्रमाण मानावे. अनेक पुस्तिकांत हे अंतर १,००० तासांच्या आसपास दिलेले आढळते. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल पुष्कळदा त्याहून बरेच लवकर बदलावयाचे असते, कारण नव्या दात्यांचा सुरुवातीचा कीस त्यात उतरतो. वर्षाला ५०० तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला हा हिशेब दोन वर्षांचा होतो. भाड्याने चालणाऱ्या ट्रॅक्टरचे तेवढे तास एका वर्षातही भरतात. तासांचे मीटर बंद पडले असल्यास ते आधी दुरुस्त करावे, आणि तोपर्यंत दिवसाचे तास वहीत लिहावेत.

योग्य तेल ओळखणे

घरी तेल बदलण्यात जी मोठी चूक होण्याचा संभव असतो ती पाना चालविण्यात नव्हे, तर दुकानात होते. “गिअर ऑइल द्या” एवढेच सांगून मिळेल तो डबा आणणे धोक्याचे आहे. डब्यावरील ९० किंवा ८०डब्ल्यू-९० हा आकडा केवळ तेलाचा घट्टपणा सांगतो. गिअर तेलाचे आकडे व इंजिन तेलाचे आकडे ही दोन निरनिराळी मापे आहेत. ९० चे गिअर तेल घट्टपणात साधारणतः ४० किंवा ५० च्या इंजिन तेलाइतकेच असते. आकडा मोठा म्हणून ते दुप्पट घट्ट आहे असे समजू नये. जीएल-४, जीएल-५ ही अक्षरे तेलात दात्यांच्या रक्षणाची द्रव्ये किती आहेत याचा दर्जा सांगतात. येथेही मोठा आकडा म्हणजे सर्वांसाठी अधिक चांगले तेल, असा अर्थ नाही. मोटारी व जीप यांच्या मागील आसातील विशिष्ट दात्यांना जीएल-५ लागते. परंतु पितळी अगर तांब्याचे भाग असलेल्या गिअरपेटीस ते सर्वच वेळी मानवत नाही.

ब्रेक तेलात बुडालेले असतील तर अधिकच जपावे. अशा ट्रॅक्टरांसाठी वेगळे तेल बनविलेले असते, व त्यात ब्रेकच्या चकत्यांना योग्य असे घर्षणाचे गुण राखलेले असतात. त्याऐवजी साधे गिअर तेल ओतल्यास ब्रेक थरथरतात, आवाज करतात किंवा घसरतात. घाटात भरलेली ट्रॉली मागे असताना ब्रेक घसरणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. म्हणून पुस्तिकेतील तेलाचे नाव व दर्जा कागदावर उतरवून दुकानात न्यावा, सीलबंद डबाच घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. पुस्तिका हरवली असल्यास विक्रेत्याकडून तिची प्रत मागून घ्यावी.

घरी तेल बदलण्याची रीत

हे काम दोन माणसांचे व अर्ध्या दिवसाचे आहे. त्यासाठी योग्य मापाचे पाने, दोन-तीन रुंद घमेली, झाकणाचे कॅन, दोरे न सुटणारे फडके, नाळके आणि प्लगचे नवे वॉशर एवढे साहित्य पुरते. कीटकनाशकाचा रिकामा डबा यासाठी कधीही वापरू नये.

ट्रॅक्टर अर्धा तास चालवून आणावा, म्हणजे तेल कोमट होऊन पातळ होते आणि तळाचा कीस त्याच्याबरोबर बाहेर येतो. तेल भाजेल इतके तापलेले मात्र नसावे. नंतर ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हायड्रॉलिकचे हात खाली सोडावेत, इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी, हातब्रेक लावावा व चाकांना पुढून-मागून ठोकळे द्यावेत. ट्रॅक्टर केवळ जॅकवर उचलून त्याखाली कोणीही शिरू नये. मुलांना दूर ठेवावे.

आता एक नियम कटाक्षाने पाळावा: तेल भरावयाचा प्लग आधी उघडावा आणि काढावयाचा प्लग नंतर. वरचा प्लग गंजून अडकला असेल आणि तेल अगोदरच सोडून दिले असेल, तर ट्रॅक्टर रिकाम्या पेटीने अंगणात अडकून पडतो. तसेच तेल काढण्याचे प्लग पुष्कळदा एकाहून अधिक असतात. गिअरपेटी व मागील पेटी यांचे निराळे, आणि काही ट्रॅक्टरांत दोन्ही चाकांजवळच्या अखेरच्या दंतचक्रांचेही निराळे असतात. पुस्तिकेतील चित्र पाहून ते सर्व उघडावेत. एरवी निम्मे जुने तेल आतच राहून नव्यात मिसळते.

तेल निथळत असता हायड्रॉलिकची जाळी अथवा फिल्टर पुस्तिकेप्रमाणे साफ करावा किंवा बदलावा. पेटी धुण्यासाठी आत डिझेल अगर रॉकेल ओतू नये. त्याचा अंश कोपऱ्यांत राहून नवे तेल पातळ करतो. पेटीच्या माथ्यावर हवा जाण्या-येण्याचे लहानसे ब्रीदर असते, ते मातीने बुजलेले असल्यास मोकळे करावे. ते बुजले म्हणजे आतला दाब वाढून तेल सिलांतून बाहेर पडू लागते.

प्लग साफ करून नव्या वॉशरसह घट्ट बसवावेत. परंतु पान्याला लांब नळी अडकवून जोर करू नये, कारण बिडातील आटे उखडले तर दुरुस्ती अवघड होते. मग नवे तेल सावकाश भरावे. सांगितलेल्या मापापेक्षा दोन-तीन लिटर कमी घालून थांबावे, डिपस्टिक पाहावी व मग उरलेले भरावे. इंजिन चालू करून हायड्रॉलिक चार-सहा वेळा वर-खाली करावे, थोडे अंतर चालवावे, बंद करून काही वेळ थांबावे व पातळी पुन्हा पाहावी. खुणेच्या वर तेल भरणे हा उदारपणा नुकसानीचा आहे. जादा तेल सील ओलांडून बाहेर येते, आणि जुन्या पद्धतीचे कोरडे ब्रेक असतील तर त्यांवर पसरून ते निकामी करते. शेवटी तारीख, मीटरवरील तास, तेलाचे नाव आणि लिटर यांची वहीत नोंद करावी.

निथळलेले तेल काय सांगते?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, एवढी यातायात करण्यापेक्षा ट्रॅक्टर मिस्त्र्याकडे लावणे सोपे नव्हे काय? मिस्त्र्याचे ज्ञान मोठे आहे आणि दंतचक्रे उघडावयाची वेळ आली तर त्याच्याकडेच गेले पाहिजे. हमीच्या मुदतीतही काम अधिकृत ठिकाणीच करून पावती घ्यावी. परंतु त्यानंतर स्वतः तेल बदलण्यात मजुरीच्या बचतीहून मोठा लाभ आहे, आणि तो असा की यंत्राच्या पोटातील बातमी मालकास स्वतःच्या डोळ्यांनी कळते.

काढलेल्या प्लगवर पुष्कळदा चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज होय, चिंतेचे कारण नाही. परंतु त्याऐवजी चमकणारे पापुद्रे, टोकदार कण किंवा दात्याचा तुकडा दिसला, तर आत बेअरिंग अगर दंतचक्र फुटू लागले आहे असे समजावे. तेल पांढुरके असेल तर पाणी शिरले आहे. करपल्यासारखा वास येत असेल तर ते बेसुमार तापले आहे. तेल मापापेक्षा पुष्कळ कमी निघाले तर कोठेतरी गळती आहे. या साऱ्या खुणा बिघाड होण्यापूर्वी बरेच दिवस दिसू लागतात. त्या मे महिन्यात दिसल्या तर मृगापूर्वी दुरुस्तीस अवधी मिळतो. न दिसल्या तर हीच बातमी ऐन पेरणीत, क्राऊन-पिनियनच्या कडकडाटाने कळते. तेव्हा ट्रॅक्टर मधोमध सोडवून दुरुस्ती करावी लागते, गावातील प्रत्येक मिस्त्र्याच्या दारात रांग असते आणि वाफसा कोणासाठी थांबत नाही. दुरुस्तीचा पैसा पुढेमागे उभा करता येतो. चुकलेली पेरणीची घात त्या वर्षी परत येत नाही.

खर्चाचा मुद्दा नाकारता येणार नाही. चाळीस-पन्नास लिटर तेलाचे काही हजार रुपये होतात आणि ते एकदम काढणे लहान शेतकऱ्यास जड जाते. तेल बदलणे लांबणीवर पडण्याचे खरे कारण बहुधा हेच असते. यावर एक उपाय सहकाराचा आहे. एकाच प्रकारचे तेल लागणाऱ्या चार-पाच ट्रॅक्टरमालकांनी मिळून मोठे पिंप घेतल्यास ते सामान्यतः सुटे डबे घेण्यापेक्षा परवडते. दुसरा उपाय म्हणजे दर महिन्याला थोडी रक्कम या खर्चासाठी बाजूस टाकणे. बैलाच्या पेंडीचा खर्च आपण फाजील मानीत नव्हतो. हाही त्याच जातीचा खर्च आहे.

जुन्या तेलाचे काय करावे?

निघालेले तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. पाण्यावर त्याचा तवंग पसरतो, मातीत ते दीर्घकाळ राहते. जनावरांच्या जखमांना किंवा अंगावरील गोचिडांसाठी जळके ऑइल चोपडण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती सर्वथा सोडावी, कारण त्यातील धातूंचे अंश व विषारी द्रव्ये कातडीतून आणि चाटण्यातून जनावराच्या पोटात जातात. ते चुलीत अगर भट्टीत जाळणेही अपायकारक आहे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात गणलेले आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून असे तेल गोळा होऊन पुन्हा शुद्ध केले जावे याची जबाबदारी तेल उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. म्हणून ते झाकणाच्या कॅनमध्ये, पाणी अगर डिझेल न मिसळता साठवावे, व तेल विक्रेत्यामार्फत किंवा सेवा केंद्रामार्फत अधिकृत संकलकाकडे द्यावे. गावातील सर्वांचे तेल एका ठिकाणी साठविल्यास ते नेण्यास संकलक येण्याचा संभव अधिक.

विस्तार कार्यकर्त्यांस विनंती

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समाज विकास योजना सुरू झाली तेव्हा गावपातळीवरील सेवकाकडून एक अपेक्षा होती: जे सांगावयाचे ते शेतकऱ्याच्या शेतात करून दाखवावे, आणि मग त्याच्याच हाताने करवून घ्यावे. पिकांच्या बाबतीत आपण ही परंपरा राखली आहे. यंत्रांच्या बाबतीत मात्र आपले काम पुष्कळदा अर्ज, अनुदान व पूर्वसंमती येथेच संपते. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून यंत्रे व अवजारे बँका गावापर्यंत पोहोचविण्याचा मोठा प्रयत्न झाला. अनुदानाने यंत्र घरी येते, ते टिकते मात्र निगेने; आणि निगा परिपत्रकाने शिकविता येत नाही.

यास्तव गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने वर्षातून एकदा, चैत्र-वैशाखात, एका शेतकऱ्याच्या अंगणात हे प्रात्यक्षिक घडवून आणावे. ज्या ट्रॅक्टरचे तेल बदलण्याची वेळ झालीच आहे असा ट्रॅक्टर निवडावा, म्हणजे वेगळा खर्च पडत नाही. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील किंवा कृषी विद्यापीठातील अभियंत्यास अथवा गावातील जाणत्या मिस्त्र्यास मार्गदर्शक म्हणून बोलवावे. परंतु पाना मालकाच्या व चालकाच्या हाती द्यावा. घरच्या स्त्रियांनाही अगत्याने बोलवावे. वही पुष्कळ घरांत त्याच अधिक नेटकी ठेवतील. अवजारे बँकेच्या ट्रॅक्टरांस तर हा नियम अधिक काटेकोर लागू करावा. जो ट्रॅक्टर सर्वांचा असतो त्याचे तेल कोणाचेच काम नसते, म्हणून तेथे एक माणूस नावानिशी नेमून त्याच्या नोंदवहीवर गटाच्या बैठकीत दर तिमाहीस नजर टाकली जावी.

यासाठी नवी योजना नको की वेगळा निधी नको. पुस्तिका उघडून पाहण्याची सवय, दोन पाने आणि अर्धा दिवस पुरे आहे. ट्रॅक्टर ज्याच्या दारात उभा आहे त्यानेच त्याच्या तेलाची खबर घ्यावी. येत्या खरिपापूर्वी आपापल्या ट्रॅक्टरची डिपस्टिक एकदा बाहेर काढून तेल उजेडात पाहावे, आणि शेवटचे तेल कधी बदलले हे आठवत नसेल तर हीच ते बदलण्याची वेळ समजावी.